करंट रेशो ०.७४, म्हणजे बुडाली का हो कंपनी?

पत्र असं आलंय:

"नमस्कार भाऊ, मी मानेवाड्याला राहते, मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. ग्रॅच्युइटी आली ती बरीचशी पोस्टात आणि बँकेत टाकली, पण चार लाखांचे एका वीज कंपनीचे शेअर घेतले, कारण आमचे हे म्हणाले की लाईट बिल कोण नाही भरत. दिवाळीत भाचा आला होता, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं मोबाईलवर कंपनीचा रिपोर्ट उघडला आणि म्हणाला, मावशी, हिचा करंट रेशो ०.७४ आहे, आमच्या पुस्तकात २ पाहिजे म्हणून लिहिलंय, एकच्या खाली म्हणजे वर्षभराची देणी द्यायला हिच्याकडे पैसेच नाहीत, विकून टाक. तेव्हापासून रात्री दोनला जाग येते. रिपोर्टच्या पानांचे फोटो पाठवून राहिले. खरंच बुडून राहिली का ही? – एक वाचक, मानेवाडा"

ताई, आधी शांत झोपा. भाच्याचा भागाकार बरोबर आहे, त्याबद्दल त्याला शाबासकी द्या, कारण त्याच्या वयात मी बॅलन्स शीट कोणत्या बाजूनं धरायची तेच शोधत होतो. पण भागाकार बरोबर आला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नसतं.

शेअर विकायचे की ठेवायचे हे मी सांगणार नाही. मी सेबीचा रजिस्टर्ड सल्लागार नाही, बँकेच्या क्रेडिट डिपार्टमेंटला जन्म काढलेला माणूस आहे. उधारी देताना समोरच्याच्या खिशात काय आहे ते कसं पाहायचं एवढं मला येतं, तेच सांगतो.

करंट रेशो म्हणजे काय ते तुम्हाला भाच्यानं सांगितलंच असेल, तरी एका ओळीत: येत्या बारा महिन्यांत ज्याचा पैसा होईल ते सगळं वर (स्टॉक, येणी, बँकेतली रक्कम) आणि येत्या बारा महिन्यांत जे द्यायचं ते सगळं खाली. तुमच्या फोटोत वर ३,७०० कोटी आहेत, खाली ५,००० कोटी, म्हणून ०.७४. आणि हा आकडा आता स्वतः काढायचीही गरज नाही, कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये २०२१ साली बदल झाला तेव्हापासून कंपन्यांना हा रेशो नोट्समध्ये छापावाच लागतो, मागच्या वर्षीचा शेजारी ठेवून, आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर कारणही लिहावं लागतं. तुमच्या कंपनीचा मागच्या वर्षी ०.८१ होता. फरक ९ टक्क्यांच्याही आत, म्हणून त्यांनी काही लिहिलेलं नाही. म्हणजे कारण आपल्यालाच शोधावं लागणार.

आता ते पुस्तकातलं २. ते कुठून आलं? माल घेतो, ठेवतो, विकतो, उधारी वसूल करतो अशा धंद्यातून. अशा धंद्यात स्टॉक अर्ध्या किमतीत गेला तरी देणी भागली पाहिजेत असा जुना हिशेब आहे तो. आमच्या बँकांत तर २ कोणी मागतच नव्हतं. बँकांनी धंद्याला किती कर्ज द्यावं ते ठरवणाऱ्या १९७५ च्या टंडन कमिटीच्या दुसऱ्या पद्धतीनं हिशेब केला की १.३३ येतो, तोच आमच्या प्रत्येक फाईलवर असायचा, आणि पार्टीचे सीए साहेब तो १.३३ बरोब्बर जुळवूनच आणायचे, १.३४ नाही की १.३२ नाही, बाप्पा काय योगायोग!

एक किस्सा सांगतो. पार्टीचं नाव सांगणार नाही, नागपूरचाच डाळीचा व्यापारी होता. कागदावर रेशो १.९, आमच्या शाखेतला सगळ्यात देखणा खातेदार. एकदा दुपारी स्टॉक तपासायला गोडाऊनला गेलो, पुढच्या थप्पीतलं पोतं उघडलं, तूर डाळ, छान पिवळीधम्मक. मग सहज मागच्या थप्पीतलं एक उघडायला सांगितलं तर तो मुनीम काहून कोण जाणे चहाचा आग्रह करायला लागला. उघडलं, हात घातला, बाहेर काढला तर तळव्यावर डाळ कमी आणि सोंडे जास्त, आणि खाली सगळा भुगा. त्या मागच्या थप्प्या दोन वर्षांपासून तशाच होत्या आणि स्टॉक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला ताज्या भावानं चढत होत्या. १.९ मधले जवळपास अर्धे त्या भुग्याचे होते. सहा महिन्यांत खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. तेव्हापासून मोठा रेशो दिसला की मला पहिले मागची थप्पी आठवते.

आता याच्या उलटं पाहा. तुमच्या भागात पोरांच्या खानावळी असतील, मेडिकल कॉलेजकडे, नंदनवनकडे तर गल्लोगल्ली आहेत. त्या खानावळवाल्या मावशींचा हिशेब मांडा. पोरं महिन्याचे पैसे १ तारखेला आगाऊ देतात, वर एका महिन्याचं डिपॉझिट. किराणावाला महिनाभराची उधारी देतो. मावशींकडे स्टॉक किती, तर चार दिवसांचं तेल-तांदूळ आणि एक सिलिंडर. येणं कोणाकडून? कोणाकडूनच नाही. देणं मात्र किराण्याचं, दुधाचं आणि चाळीस पोरांच्या डिपॉझिटचं. काढा करंट रेशो, ०.५ पण येणार नाही. पण मावशी गेली पंधरा वर्षं चालून राहिल्या, कारण ताटाआधी पैसे येतात. आणि त्याच गल्लीतला सरकारी ठेकेदार घ्या, रस्ता बांधून बसलाय, बिल मंजूर आहे, येणं कागदावर धडधडीत दिसतं, रेशो २.२, आणि मजुरांचा शनिवारचा पगार द्यायला सोन्यावर कर्ज काढतोय.

तुमची वीज कंपनी या दोघांच्या मधे कुठेतरी बसते, आणि नेमकी कुठे बसते हेच पाहायचं असतं, ०.७४ किती लहान आहे हे नाही.

वीज कंपनीकडे तयार माल नसतो. वीज बनली की त्याच क्षणी गेली, गोडाऊनला थप्पी लावता येत नाही. स्टॉक म्हणजे फार तर कोळसा, तारा, मीटर, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग. कोळशाचाही किती, तर केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमानं खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राला १२ ते १७ दिवसांचा आणि लांबच्याला २० ते २६ दिवसांचा ठेवायचा. म्हणून वरचा आकडा मुळातच लहान असतो. दुसरीकडे तिचा सगळा पैसा खांब, वाहिन्या, सबस्टेशन, प्लांट यात गाडलेला, जो पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू बिलातून परत येतो. तो करंटमध्ये धरतच नाहीत, पण त्यासाठी घेतलेल्या कर्जाचा या वर्षीचा हप्ता मात्र करंट देण्यात बसतो. म्हणजे हप्ता खाली मोजायचा आणि तो हप्ता ज्या पैशातून भरणार ते पुढच्या बारा महिन्यांचं बिल वर मोजायचंच नाही, कारण ते अजून झालेलंच नाही. रेशो एका दिवसाचा फोटो आहे, ३१ मार्चच्या रात्रीचा. म्हणून जगभरात बऱ्याच वीज कंपन्यांचा हा रेशो एकच्या आसपास किंवा खालीच फिरत असतो आणि तरी त्यांना बँका रांगेत उभं राहून कर्ज देतात.

आता तुमच्या फोटोतले आकडे फोडून पाहू, कारण खरी गंमत फोडण्यात आहे.

खालचे ५,००० कोटी. त्यात १,६०० कोटी कर्ज (त्यातले ९०० लांब मुदतीच्या कर्जाचे या वर्षीचे हप्ते, ७०० कमर्शियल पेपर, म्हणजे बाजारातून थोड्या मुदतीसाठी उचललेली उधारी, आणि बँक लिमिट), १,३०० कोटी वीज आणि कोळसा विकणाऱ्यांचं देणं, ५०० कोटी नवीन कामांच्या ठेकेदारांचं, ५०० कोटी किरकोळ. आणि राहिले १,१०० कोटी, ते काय आहे माहितीये? ग्राहकांचं सिक्युरिटी डिपॉझिट. तुम्ही नवीन मीटर घेताना भरता ना, आणि मग उन्हाळ्याच्या सुमारास महावितरणचं वेगळं बिल येतं की तुमचा वापर वाढला, इतके रुपये वाढीव सुरक्षा ठेव भरा, आणि आपण सगळे वैतागतो, तेच. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४७ प्रमाणे कंपनी ते घेऊ शकते आणि त्यावर व्याजही द्यावं लागतं. कनेक्शन बंद केलं तर परत द्यायचं असतं, म्हणून हिशेबात देणं. पण मला सांगा, एका वर्षात गावातले सगळे लोक मीटर काढून कंदील लावणार आहेत का? एक जण काढतो, दोन जण नवीन घेतात. ते डिपॉझिट वर्षानुवर्षं तसंच असतं, उलट वाढतं. खानावळीतल्या पोरांसारखं.

ते १,१०० बाजूला ठेवून भागाकार करा, ३,७०० भागिले ३,९००, आले ०.९५. आणि हो, काही कंपन्या हेच डिपॉझिट करंटमध्ये दाखवतात, काही नॉन-करंटमध्ये, म्हणजे वर्षानंतरच्या देण्यांत. म्हणून भाचा जर दोन वीज कंपन्यांचे रेशो शेजारी ठेवून ही चांगली ती वाईट म्हणत असेल तर त्याला आधी डिपॉझिटची नोट वाचायला सांगा, नाहीतर तो कंपन्यांची नाही, अकाउंटंटच्या सवयींची तुलना करून राहिला.

अजून एक गंमत, त्याला कागद-पेन घेऊन करायला लावा. समजा कंपनीनं ३१ मार्चला बँकेतले ५०० कोटी काढून ५०० कोटींची देणी फेडली. चांगलं काम केलं ना? रेशो काय झाला? ३,२०० भागिले ४,५००, म्हणजे ०.७१. खाली गेला! आणि समजा तिनं उलटं केलं, ५०० कोटी कमी मुदतीचं कर्ज उचललं आणि नुसतं बँकेत ठेवून दिलं, तर ४,२०० भागिले ५,५००, ०.७६. कर्ज वाढलं आणि रेशो सुधारला. एकच्या खाली असला की हा रेशो असा उलटा वागतो, वर असला तर देणी फेडली की वाढतो. आमच्याकडे मार्च एंडला रेशो सुंदर करायला काय काय चालायचं ते लिहायला बसलो तर वेगळं सदर लागेल.

आणि ३१ मार्चच का ते पण लक्षात घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडे थकबाकी वसुलीची मोहीम असते, वायरमन शिडी घेऊन दारात, भरता की कापू. वर्षातली सगळ्यात चांगली वसुली करून मग हा फोटो काढलेला असतो. त्याच्या पुढे दोन महिन्यांत काय होतं हे नागपूरकराला सांगायला नको, मार्च संपला नाही की कूलर खाली उतरतात, नव्या ताट्या बसतात, पारा ४५ ला जातो, आणि कंपनीला महागडी वीज विकत घेऊन द्यावी लागते. घेतलेल्या विजेचे पैसे लवकर द्यायचे, आपलं कूलरचं बिल हातात यायला महिना, भरायला आणखी काही दिवस, आणि बरेच जण त्या महिन्यात बिल पाहूनच आजारी पडतात. खरी ओढाताण एप्रिल ते जून. म्हणून मार्चच्या फोटोवर थांबू नका, लिस्टेड कंपनीला सप्टेंबरची सहामाही बॅलन्स शीटही द्यावी लागते, ती शेजारी ठेवून पाहा.

आता वरचे ३,७०० कोटी, म्हणजे मागची थप्पी. कोळसा आणि सामान ४००, ग्राहकांकडून येणं १,५००, बिल न झालेली वीज ६००, बँकेत ७००, इतर ५००. बिल न झालेली वीज म्हणजे घोटाळा नव्हे, ३१ मार्चपर्यंत तुम्ही वापरलेली पण मीटर रीडिंग एप्रिलमध्ये होणार ती, ते ठीक आहे. बँकेतल्या ७०० पैकी किती खरंच मोकळे आणि किती कुठल्या गॅरंटीखाली अडकलेले ते नोटमध्ये असतं, तुमच्या फोटोत ती नोट अर्धीच आलीय.

माझं बोट थांबलं ते १,५०० वर. मागच्या वर्षी इथे १,१५० होते. विक्री ११,३०० कोटींवरून १२,००० झाली, म्हणजे साधारण ६ टक्के वाढली, आणि येणं वाढलं ३० टक्के. दिवसांत सांगायचं तर आधी विकलेल्या विजेचे पैसे यायला ३७ दिवस लागायचे, आता ४५. आठ दिवसांचा फरक वाटतो छोटा, पण १२,००० कोटींच्या धंद्यात एक दिवस म्हणजे जवळपास ३३ कोटी, गुणा आता. आणि पुढचं पान पाहा, येण्यांचं वय दिलेलं असतं तिथे, सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते वर्ष, मग एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वर, आणि वादातलं वेगळं. सहा महिन्यांपेक्षा जुनं मागच्या वर्षी २६० कोटी होतं, यंदा ४२०.

इथे भाच्याला एक गोष्ट दाखवा, जी पाहून मला स्वतःला हसू आलं. हे येणं तुंबलं नसतं, पूर्ण वसूल होऊन त्यातून देणी फेडली असती, तर रेशो आणखी खाली दिसला असता. म्हणजे कंपनीच्या तब्येतीत जी एक गोष्ट खरंच बिघडतेय, तीच गोष्ट ०.७४ ला वर धरून उभी आहे. पोराला ज्या आकड्याची भीती वाटली तो त्यानं भ्यायच्या कारणासाठी वाईट नाही, आणि ज्या कारणासाठी चिंता करायची ते त्या आकड्यात दिसतच नाही.

ते ४२० कोटी कोणाकडे आहेत हे विचारायचं. घरगुती ग्राहकाची लाईन कापली की दुसऱ्या दिवशी पैसे येतात. पण गावच्या दिव्याबत्तीचं, पाणीपुरवठ्याचं, सरकारी ऑफिसांचं बिल असेल तर कापायला गेलेला वायरमन फोन आल्यावर शिडीसकट परत येतो, हे कोणत्याही लाईनमनला विचारा. तुमचे यजमान म्हणाले ना लाईट बिल कोण नाही भरत, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, न भरणारे सगळ्यात मोठेच असतात.

दुसरी बाजू पण तितकीच बघण्यासारखी आहे, कंपनी स्वतः कोणाचे थकवून राहिली का. १,३०० कोटींच्या देण्यांचंही वय दिलेलं आहे, आणि त्यात एक वर्षाच्या वरचं फारच किरकोळ दिसतं, हे बरं आहे. कारण वीज विकणाऱ्याचे पैसे थकवणं आता पूर्वीसारखं स्वस्त नाही. २०२२ च्या जूनमध्ये लेट पेमेंट सरचार्जचे, म्हणजे उशिरा पैसे दिल्याच्या दंडाचे, नवीन नियम आले, बिल दिल्यापासून अडीच महिन्यांत पैसे नाही दिले तर पुरवठ्यावरच बंधन येतं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १३ राज्यांतल्या २७ वितरण कंपन्यांना एक्सचेंजवरून, म्हणजे विजेच्या बाजारातून, वीज घ्यायला थांबवलं होतं, आपल्या राज्याचंही नाव त्या यादीत आलं होतं. लिक्विडिटी, म्हणजे वेळेवर हातात पैसा असणं, काय असते ते अशा दिवशी कळतं.

फोटोत सगळ्यात खाली, मालमत्तेच्या बेरजेनंतर, एक वेगळी ओळ आहे, रेग्युलेटरी डिफरल, ८५० कोटी. ही करंटमध्येही नाही आणि नॉन-करंटमध्येही नाही म्हणून भाच्याच्या भागाकारात आली नाही. हा तो खर्च जो झालाय, पण बिल एकदम वाढू नये म्हणून वीज नियामक आयोगानं पुढच्या वर्षांवर ढकललाय. कधी ना कधी ग्राहकांकडून वसूल करायची परवानगी मिळणार, पण ऐन मे महिन्यात त्या ८५० मधून कोळशाचं एक वॅगन येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा जुना साठा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त सात वर्षांत संपवा, त्यामुळे आता निदान शेवट तरी दिसतो.

आणि ही ओळ काहून महत्त्वाची ते कॅलिफोर्नियाला झालेल्या एका गोष्टीवरून कळेल. तिथली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक म्हणजे लाखो ग्राहकांची जुनी, भक्कम वीज कंपनी. २००० साली बाजारात विजेचा भाव भडकला आणि ग्राहकांना लावायचा दर मात्र गोठवलेला होता. महाग घ्यायची, स्वस्त द्यायची. ६ एप्रिल २००१ ला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक होते, मागणी होती, खांब-तारा सगळं जागेवर, फक्त वाढलेला खर्च बिलात टाकता येत नव्हता. म्हणून वीज कंपनीच्या खिशाचा अंदाज घ्यायचा तर मी रेशोच्या आधी हे पाहतो की वाढलेला खर्च बिलात किती लवकर उतरतो. आपल्या लाईट बिलावर "इंधन समायोजन आकार" अशी ओळ असते, तिला आपण शिव्या घालतो, पण शेअरवाल्यांनी तिच्याकडे प्रेमानं पाहावं. (ताई, तुम्ही आता दोन्ही बाजूंनी आहात, शिव्या पण घालायच्या आणि प्रेम पण करायचं.)

बाकी राहिलं कर्ज. १,६०० कोटी या वर्षात फिरवायचे आहेत. कॅश फ्लोच्या पानावर धंद्यातून आलेली रोकड ३,२०० कोटी दिसते, व्याजाचे ८०० गेले, हप्त्याचे ९०० गेले, उरले १,५००. नवीन कामांवर खर्च झाला २,०००. म्हणजे ५०० बाहेरून आणले. नवीन लाईन टाकायला कर्ज काढणं यात काही वावगं नाही, दर ठरवताना आयोगसुद्धा साधारण ७० टक्के कर्ज ३० टक्के स्वतःचे असंच धरतो, फक्त ते लांब मुदतीचं पाहिजे. पंचवीस वर्षांची लाईन नव्वद दिवसांच्या कमर्शियल पेपरवर टाकली की मग मी पण रात्री दोनला उठेन. यंदा पेपर आणि लिमिट मिळून ७०० आहे, मागच्या वर्षी ५५० होतं. वाढलंय, आणि येणं तुंबलंय, हे दोन्ही एकाच वर्षी झालंय हे मी वहीत लिहून ठेवलं असतं.

बँकेनं मंजूर केलेली पण न वापरलेली लिमिट किती शिल्लक आहे हे त्या रेशोत कुठेच येत नाही, आणि अडचणीत पहिला आधार तोच असतो. ते पाहायचं तर क्रिसिल, इक्रा, केअर या कर्जफेडीच्या ताकदीला रेटिंग देणाऱ्या संस्थांपैकी ज्यांनी रेटिंग दिलंय त्यांचं दोन-चार पानांचं टिपण फुकट वाचायला मिळतं, त्यात लिक्विडिटी असा वेगळा परिच्छेद असतो आणि सुपिरियर, स्ट्राँग, अॅडिक्वेट, स्ट्रेच्ड, पुअर यातला एक शब्द वापरलेला असतो. स्ट्रेच्ड आला तर मला पत्र टाका. अॅडिक्वेट असेल तर भाच्याला चहा पाजा.

एक गोष्ट मात्र तुमच्या यजमानांच्या वाक्यातली राहून गेली. लाईट बंद होणार नाही हे खरं, पण लाईट चालू राहणं आणि शेअरवाल्याचे पैसे सुरक्षित राहणं या दोन गोष्टी आहेत. महाल, गांधीबाग, सिव्हिल लाईन्सच्या लोकांनी पाहिलंय, २०११ ते २०१९ तिकडे वितरण खाजगी फ्रँचायझीकडे होतं, सप्टेंबर २०१९ मध्ये परत महावितरणकडे आलं, घरातला पंखा एक दिवस थांबला नाही. ग्राहकाला काही कळतही नाही. म्हणून "वीज तर लागतेच" या भरवशावर ग्रॅच्युइटीचा किती हिस्सा ठेवायचा ते दोघांनी बसून ठरवा, बाकीचे पोस्टात आणि बँकेत आहेत म्हणताय तर माझा जीव तसा थाऱ्यावर आहे.

तर आता सप्टेंबरची सहामाही काढायला लावा भाच्याला. त्यात येण्यांचा आकडा १,५०० च्या खाली आलाय का वर गेलाय, आणि कमी मुदतीचं कर्ज ७०० च्या खाली का वर, एवढ्या दोनच गोष्टी एका कागदावर लिहून पाठवा. दोन्ही वर गेले असतील तर पुढच्या वेळी आपण सविस्तर बोलू. आणि बँकेतल्या ७०० कोटींची ती नोट परत फोटो काढून पाठवा, जरा लाईट लावून काढा, मागच्या फोटोत नेमकी शेवटच्या तीन ओळींवर तुमच्या बोटाची सावली आलीय.